चाखणिसाची जीभ

पिशवीत घातलेला हात कोपरापर्यंत आत गेला तरी डब्याचं झाकण बोटांना लागलं नाही, तेव्हा चाखणिसाने हात बाहेर काढला नाही. हात आत आहे तोवर डबा आहे असं म्हणायला जागा होती. बोटांना नातवाची दुपटी लागली, मुलीसाठी घेतलेली लोकरीची शाल लागली, पाण्याची बाटली लागली, छत्रीचा दांडा लागला. तो दांडा त्याने उगाचच घट्ट धरून ठेवला. त्यांची प्रवासी बोट मधल्या पाण्यात नांगर टाकून उभी राहून दीड तास झाला होता. पलीकडचा किनारा अजून अडीच तासांवर, आणि धुकं असं की कठड्यावर बसलेल्या पाणपक्ष्याने उडायला पंख उघडले, समोर पाहिलं आणि काहीतरी विचार करून पुन्हा मिटले. कप्तानाने भोंग्यातून दोनदा सांगितलं होतं, वाट दिसेपर्यंत नांगर उचलणार नाही, काळजीचं कारण नाही. आणि हे ऐकल्यावर दोनशे माणसांनी एकदम काळजी करायला सुरुवात केली होती.

"सापडला का?" बायको म्हणाली.

"बघतोय."

"पिशवी आहे का विहीर?"

त्याने हात बाहेर काढला. रिकामा हात एवढा मोठा दिसतो हे त्याला ठाऊक नव्हतं. "राहिला," तो म्हणाला. "चपलांच्या कपाटावर."

"तिथे कसा? तुम्ही तर पास केलात ना सकाळी?"

"केला. आणि तिथेच ठेवला."

ती हसली, पण अर्धंच. काल संध्याकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. बोटीच्या आधी ती खात नसे, हलतं पाणी पाहून उलटून पडतं म्हणून. मध्यावर आलं की मग डबा उघडायचा असं ठरलेलं. आता मध्य आला होता, आला तो जाता जात नव्हता.

बिस्किटाच्या कारखान्यात एकतीस वर्षं प्रत्येक घाण्यातलं एक बिस्किट तोंडात घालून तो घाणा बाजारात जाऊ द्यायचा की नाही हे ठरवायचं, हे त्याचं काम, म्हणून चाखणीस. नाव इतकं मुरलं होतं की बँकेतल्या बाईने एकदा खऱ्या नावाने हाक मारली तर तो दुसऱ्या कोणाची तरी वाट बघत बसून राहिला होता. त्याच्या जिभेच्या हकिगती भट्टीपासून फाटकापर्यंत फिरत, आणि फिरवणारा बहुतेक वेळा तोच असे. एका बिस्किटावरून त्याने म्हणे पीठ मळणाऱ्याचं बायकोशी भांडण झालंय हे ओळखलं होतं, पीठ जरा जास्तच तिंबलं गेलं होतं म्हणून. पण खरी ख्याती बटणाची. वीसएक वर्षांपूर्वी एक तुकडा तोंडात घालून त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "मिक्सर थांबवा. पिठात बटण आहे." थांबवला, पीठ चाळलं, आणि निघालं. ही हकिगत तो दर वर्षी सांगे आणि दर वर्षी बटण थोडं मोठं होई. गेल्या खेपेला मालकाच्या पाहुण्यांपुढे ते ओव्हरकोटाचं आणि पितळेचं झालं होतं. एकच गोष्ट तो सांगत नसे. पीठ मळणाऱ्याच्या शर्टाचं दुसरं बटण सकाळी जागेवर होतं आणि दुपारी नव्हतं, हे त्याने तुकडा तोंडात घालायच्या आधीच पाहिलं होतं.

घरी ही जीभ वेगळ्याच कामाला लागलेली होती. बायकोला शेंगदाणा चालत नसे. चालत नसे म्हणजे पोट दुखणं किंवा अंगावर चार गांध्या उठणं नव्हे. लग्नाला तीन महिने झाले होते, बसचा प्रवास होता, एका थांब्यावर दोघांनी कागदात बांधून काहीतरी खारं-तिखट घेतलं, तिने एक घास खाल्ला, आणि दहा मिनिटांत शेजारच्या सीटवर दुसरीच बाई बसलेली होती: ओठ उलटलेले, डोळ्यांच्या फटी झालेल्या, आणि श्वास असा, की बंद दाराखालून वारा शिरावा. तो आवाज एवढ्या वर्षांत त्याच्या कानातून गेला नव्हता. गाढ झोपेत खिडकी वाजली तरी तो आधी तिच्या नाकाशी हात नेई. ड्रायव्हरने बस रस्ता सोडून थेट दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी नेऊन लावली म्हणून निभावलं. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, मला लहानपणापासून आहे हे, थोडं, घशापुरतं. आई म्हणाली होती लग्न ठरेपर्यंत बोलू नकोस, आणि ठरल्यावर म्हणाली आता कशाला. त्याला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याने तिथल्या तिथे, फिनाइलच्या वासात, छाती काढून सांगितलं होतं, यापुढे तुझा प्रत्येक घास आधी माझ्या तोंडात. आणि मग तसंच होत गेलं. बाहेरचं काहीही असो, आधी तो चाखणार, डोळे मिटणार, जीभ टाळूवरून एकदा फिरवणार, आणि म्हणणार "पास", नाहीतर म्हणणार "आहे". आहे म्हटलं की ताट मागे. लोक हातातला घास हातात ठेवून बघत. ती पदार्थाकडे बघायचीच नाही, त्याच्या मिटल्या पापण्यांकडे बघायची. पुढे पुढे ती घरचा डबाही त्याच्यापुढे धरू लागली, स्वतः रांधलेला, तेल-मीठ स्वतः घातलेलं, काही कारण नसताना. दाराशी चपला घालता घालता तो एक घास खाई, पास म्हणे, आणि मगच घराला कुलूप लागे.

डॉक्टरीणबाई दर वेळी चिडायच्या. "तुमचे हे म्हणजे प्रयोगशाळा नव्हेत," त्या तिला म्हणायच्या. "विचारा. कशात केलं, कुठल्या तेलात, चमचा कुठला, सुरी कुठली. पाकिटामागचं वाचा. पेनं दोन्ही जवळ ठेवा, आणि लागलंच तर वाट बघत बसू नका, मांडीत टोचा, आडवं व्हा आणि दवाखाना गाठा. यांची जीभ यांना चहा प्यायला राहू द्या." इंजेक्शनची पेनं दोन होती, चष्म्याच्या जुन्या घरात, ते घर तिच्या खांद्याच्या पर्समध्ये. पाकिटं ते वाचतही. विचारणं मात्र दोघांच्या जिवावर येई. लोकांच्या घरी बसून, ताटावर, तुमची सुरी धुतलेली आहे का हो, असं कसं विचारायचं? आणि घरात अशी जीभ असताना विचारायचं तरी कशाला?

चार महिन्यांपूर्वी त्याला ताप आला, सात दिवस राहिला आणि जाताना जीभ घेऊन गेला. आठव्या दिवशी तो चहावरून बायकोवर डाफरला, हे काय, नुसतं गरम पाणी. तिने दुसरा कप इतका कडक केला की चमचा उभा राहिला असता. तोही गरम पाणीच निघाला, आणि तो म्हणाला, "हां, आता जमला." हे पहिलं. त्यानंतर मोजदाद राहिली नाही. कारखान्यात तो कानाने चाखू लागला. बिस्किट मोडताना कुठे आणि कसं कडाडतं, बोटांना भुगा किती लागतो, कडेचा रंग कुठवर गेलाय, आणि तोंडात तो तुकडा फिरत असताना भट्टीवाल्याची नजर खाली जाते की समोर राहते. एकही घाणा चुकला नाही. हेच त्याला खाऊ लागलं. चार महिने बिनजिभेचा चाखणीस चालतो आणि कोणाला कळत नाही, तर मग आधीची एकतीस वर्षं नक्की कोण चाखत होतं?

आणि तो केक. तापातून उठून दोन आठवडे झालेले, फोरमन निवृत्त होत होता, कारखान्याच्या वरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, कागदी ताटल्या. बायकोने सवयीने ताटली पुढे केली, त्याने सवयीने घास घेतला, डोळे मिटले, जीभ फिरवली, आणि सवयीनेच म्हणाला, "पास." शब्द बाहेर पडल्यावर त्याच्या ध्यानात आलं की तोंडात केक होता की ओला पुठ्ठा हे त्याला सांगता आलं नसतं. तोवर तिने घास गिळला होता. पुढचा अर्धा तास भाषणं चालली होती, त्याच्याबद्दलही कोणीतरी चार गमतीचे शब्द बोललं, टाळ्या वाजल्या, आणि तो तिच्या गळ्याकडे बघत होता, कानाच्या पाळीखालच्या त्या जागेकडे, जिथे लाली आधी चढते. काही झालं नाही. तिने आणखी एक तुकडा खाल्ला. "मऊ आहे," ती म्हणाली होती. त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने तिला सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं असंही म्हणवत नव्हतं, जिभेवर काही येतच नव्हतं. त्याऐवजी त्याने एक तोड काढली. दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या प्रत्येक पदार्थावर तो म्हणू लागला, "आहे."

शेजारच्या घरचं सूप. आहे. कारखान्याच्या ऑफिसातून आलेली पेस्ट्री. आहे. तिच्या धाकट्या बहिणीकडचा भात, नुसता, पांढरा. त्यातही आहे. बहीण रडवेली झाली, तिने पातेली दाखवली, तो मान हलवत राहिला आणि बायको दोघांच्या मधे पाण्याचा पेला धरून बसली. त्या केकनंतर तिने घराबाहेर पाण्यापलीकडे काही गिळलं नव्हतं. तिच्या घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. बहिणीकडून परत येताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली होती, "हल्ली जगात शेंगदाणा फार झालाय, नाही?"

आज सकाळी तिने डबा पुढे धरला तेव्हा त्याने नेहमीपेक्षा जास्त मन लावून सोंग केलं. आठ दिवसांचं पोर बघायला निघालेली बाई, तिचा चेहरा उजळलेला, त्या चेहऱ्यासमोर डोळे मिटून उभं राहणं त्याला जड गेलं. म्हणून तो पापण्या किती वेळ मिटायच्या, भुवई कुठे उचलायची, यातच इतका गुंतला की पास म्हणून झाल्यावर हातातला डबा कपाटावर टेकवला, कुलूप लावलं आणि किल्ली दोनदा ओढून पाहिली. एवढी वर्षं खरं चाखलं तेव्हा डबा कधी राहिला नव्हता. खोटं चाखायला दोन्ही हात लागतात.

"काहीतरी बघा ना हो," बायको म्हणाली. "डोकं गरगरतंय." तिने कपाळ समोरच्या गार खांबाला टेकवलं होतं. तो उठून कँटीनपाशी गेला. कँटीन म्हणजे जिन्याखालची एक खिडकी. तीत चहाची किटली आणि एकाच जातीच्या बिस्किटांची उतरंड. पाकिटावर त्याच्याच कारखान्याचा छाप होता. त्याने पाकीट उलटं केलं. मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, शेंगदाण्याचा अंश असू शकतो. ती ओळ का आहे हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, दोन नंबरच्या पट्ट्यावर आठवड्यातून एकदा शेंगदाण्याची बिस्किटं निघत आणि पट्टा धुतात म्हणजे काय करतात तेही त्याने पाहिलेलं. "देऊ का?" कँटीनवाला म्हणाला. "नावाजलेला माल आहे." त्याने पाकीट परत ठेवलं आणि चहा घेऊन आला. कोरा चहा. ती प्याली. बशीत चहा सांडला, तो तिने बशीतूनच प्यायला.

समोरच्या बाकावर एक शिवणकाम करणारी बाई बसली होती. पलीकडच्या गावात कोणाच्या तरी पोशाखाचं शेवटचं माप घ्यायला निघालेली, आणि घाईत गळ्यातली टेप काढायची राहिलेली. ती टेप घातलेल्या गळ्याने ती सगळ्यांकडे मापं घेतल्यासारखी बघत होती. तिने मांडीवर कागद उलगडला. पावाचे काप, मधे उकडलेला बटाटा. "ताई, घ्या हो," ती म्हणाली. "चेहरा बघा तुमचा, धुतल्या कापडासारखा झालाय. पहाटे उठून केलंय, ताजं आहे."

"नको, म्हणजे, मला शेंगदाणा चालत नाही," बायको म्हणाली. "जिवावर बेततं."

"शेंगदाणा? बटाट्यात कुठून येणार शेंगदाणा! बटाटा, मीठ, मिरी, लोणी. संपली यादी."

बायकोने तो काप घेतला आणि काही न बोलता नवऱ्यापुढे धरला. आजूबाजूच्या बाकांवरची माणसं वळली. धुक्यात बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. "काय करताहेत?" "चाखून सांगणार म्हणे." "जीभ आहे त्यांची तशी." त्याने तुकडा मोडून तोंडात घातला. तोंडात काहीतरी आलं. मऊ, थोडं गार, दातांना न लागणारं. मग मिरीचा एक कण दाढेत चुरडला, फक्त खडा लागल्यासारखा. त्याने डोळे मिटले. पापण्यांमागे नेहमी जे उजेडाचे ठिपके असत तेही आज नव्हते, तिथेही धुकंच होतं. त्याने जीभ टाळूवरून फिरवली; ती तोंडात कोणाची तरी विसरलेली वस्तू असावी तशी फिरली. खूप मागून, एकतीस वर्षांच्या तळातून, लोण्याची आठवण वर येऊ लागली आणि क्षणभर त्याला वाटलं, आली, चव आली. ती आठवणच होती. ती कुठल्याही घासावर बसली असती.

"आहे," तो म्हणाला.

"काय आहे?" शिवणवाली म्हणाली.

"शेंगदाणा."

"काका, बटाट्यात?"

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "काका, तेवढं धुकं चाखून सांगा, केव्हा उठतंय," आणि हशा पिकला. तोही हसला. हशात सुटका असते हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. पण बायको हसली नव्हती. तिने कपाळ खांबावरून उचललं होतं.

"कशात?" ती म्हणाली.

"अं?"

"बटाटा, मीठ, मिरी, लोणी. यातल्या कशात आहे?"

"लोण्यात," तो म्हणाला. आणि ते पुरेसं वाटेना म्हणून, "असेल."

"बहिणीकडे भातात होता. भात आणि पाणी. त्याच्या आधी उकडलेल्या अंड्यात होता." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "अहो, मी खाल्लेलं तुम्हाला नको झालंय का? तसं सांगा. एवढी माणसं बघताहेत, सांगून टाका."

हे त्याने कुठल्याच हिशेबात धरलं नव्हतं. चार महिने त्याने तिच्या गळ्याची भीती वाहिली, स्वतःच्या नावाची भीती वाहिली. पण ती तिकडे, बाकाच्या दुसऱ्या टोकाला, हा विचार करत बसलेली असेल हे त्याच्या मनाला शिवलं नव्हतं. तो तोंड उघडेपर्यंत तिने उरलेला काप उचलला होता. सावकाश, जरा मिरवत, लहान मूल रुसून विस्तवाकडे हात नेतं तसा. दोन पेनं, त्याला वाटलं. एकाने निभावलं तर पंधरा-वीस मिनिटं, दुसऱ्याने तेवढीच. किनारा अडीच तास, तोही नांगर उचलल्यावर. बस रस्ता सोडून दवाखान्याच्या पायऱ्यांशी नेता येते, बोट कशी नेणार? आणि कानात तो आवाज सुरू झाला, दाराखालून येणाऱ्या वाऱ्याचा. त्याने तिचं मनगट धरलं.

"सोडा."

"नको खाऊस."

"का नको? आहे म्हणून? तुमचं आहे तर सगळ्यातच आहे. सोडा हात."

काप ओठांपासून बोटभर होता. वरचा पावाचा भुगा तिच्या खालच्या ओठाच्या दिशेने झुकला होता, आणि त्या एवढ्याशा भुग्याकडे बघत चाखणीस ओरडला. त्याचा आवाज भोंग्यापेक्षा मोठा होता असं पुढे त्या बोटीवरच्या माणसांनी पुष्कळ दिवस सांगितलं.

"मला काही कळत नाही! चव गेलीय माझी! मीठ कळत नाही, साखर कळत नाही, काही कळत नाही मला!"

कठड्यावरचा पक्षी उडाला. दिसत नव्हतं तरी उडाला.

बायकोने काप खाली आणला. टाकला नाही, कागदावर ठेवला, कागदाची कड त्यावर दुमडली, मग पर्समधून ओला रुमाल काढून एकेक बोट पुसलं, नखांच्या कडासुद्धा, आणि तो रुमाल आतली बाजू बाहेर न येऊ देता घडी करून वेगळ्या पिशवीत कोंबला.

"केव्हापासून?"

"तापापासून."

ती मनात मागे जात होती, एकेक ताट, एकेक घर. ती कुठे येऊन थांबणार हे त्याला दिसत होतं आणि तिथे त्याला अजूनही खोटं बोलता आलं असतं. "फोरमनचा केक," ती म्हणाली.

"तेव्हाही."

"दोन तुकडे खाल्ले मी."

"हो."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती शिवणवालीकडे वळली, आणि अनोळखी माणसाशी बोलताना तिच्या आवाजात जो संकोच असे तो शोधूनही सापडला नसता. "पाव कशाने कापला?"

"सुरीने."

"ती सुरी आधी कशाला लावली होती?"

शिवणवालीने गळ्यातली टेप काढली आणि हातात गुंडाळू लागली. "माझ्या घरात शेंगदाणा नाही हो," ती म्हणाली, पण आता जरा हळू. "म्हणजे दाणा नाही. नातवाला ते हे लागतं, शेंगदाण्याचं लोणी, बाटलीतलं. शाळेच्या पावाला लावते मी. सकाळी त्याचं आधी केलं. सुरी पुसली होती, ताई. फडक्याने, चांगली पुसली होती."

"बघा," मागच्या बाकावरचा तो विनोद करणारा म्हणाला, "काकांनी ओळखलंच की!" आणि दोनतीन माणसांनी खरोखर कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. सगळी चव शाबूत असती, अगदी बटणाच्या दिवसातली, तरी त्या पुसलेल्या सुरीवरचं काय त्याला कळणार होतं? तो पास म्हणाला असता. डोळे मिटून, भुवई उचलून, मोठ्या दिमाखात पास म्हणाला असता. आणि मग फक्त केकच राहिला नाही. लग्नापासूनचे सगळे घास उठून उभे राहिले, हॉटेलांतले, सोयऱ्यांकडचे, स्टेशनांवरचे, आणि प्रत्येकामागे त्याला एक सुरी दिसू लागली, पुसलेली, फडक्याने, चांगली. त्याच्या जिभेने त्यातलं काही ओळखलं असेल. बाकीच्या वेळी बायको नुसती नशिबाने वाचली होती, आणि वाचली की तो दिमाखाने तोंड पुसत होता. शर्टाला बटण नाही हे निदान डोळ्यांनी दिसलं तरी होतं.

"तोंड धुवा," बायको म्हणाली. "त्या घासाचं तोंड घेऊन माझ्याजवळ बसू नका. साबणाने हात, कोपरापर्यंत." आणि ती उठली. उठताना तोल गेला तेव्हा त्याने हात पुढे केला. तिने त्या हाताकडे पाहिलं, मग खांब धरला.

नळापाशी त्याने तीन वेळा चूळ भरली. साबणाचा फेस ओठांत गेला, तोही कळला नाही. जिन्याखालच्या खिडकीतून तिचा आवाज येत होता, एकामागून एक, न थांबता. ही बिस्किटं नकोत. चहाचा चमचा कुठे कुठे घालता? सालीसकट काही आहे का? न कापलेलं, न सोललेलं, कोणाचा हात न लागलेलं? आणि कँटीनवाला म्हणत होता, विकायला नाही बाई, पण खलाशांसाठी केळ्यांचा घड आहे, आत टांगलेला. तुम्ही मगापासून विचारलं असतं तर मगाशीच दिलं असतं. काका येऊन पाकीट उलटंपालटं करून गेले, ते काही बोललेच नाहीत.

ती दोन केळी घेऊन आली आणि बाकावर बसली, मधे दोन हातांची जागा सोडून. त्याने ती जागा भरायचा प्रयत्न केला नाही. केळी तिने सालीसकट धुतली होती. साल सोलली, टोक मोडून बाजूला ठेवलं, आणि एक चावा घेऊन बराच वेळ समोर बघत चघळत राहिली. तिच्या गळ्याखालून घास उतरला तो त्याने पाहिला. सवयीने कानाच्या पाळीखाली पाहिलं.

"बघू नका तिकडे," ती म्हणाली. "मी सांगेन, काही वाटलं तर."

"बरं."

"चार महिने. बहीण अजून फोन करत नाही मला."

"मी सांगतो तिला."

"तुम्ही नाही. मी सांगेन." तिने पहिलं केळं संपवलं. दुसरं सोललं, मधोमध मोडलं, आणि अर्धं त्याच्या बाजूला, त्या मोकळ्या जागेत, सालीवर ठेवलं. त्याने ते उचललं. तोंडात घातलं. ओल्या कापसाचा बोळा. तो तसाच धरून बसला, गिळावं की नाही हे ठरत नसल्यासारखा.

"कसं आहे?" त्याने विचारलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याने तिला कधी विचारला नव्हता.

तिने डोळे मिटले. हुबेहूब त्याच्यासारखे, भुवईसुद्धा उचलली, डावी. "देठाकडे जरा कच्चं," ती म्हणाली. "तुरट लागतं. मग गोड होत जातं. फार नाही, बेताचं. घड गार जागी टांगलेला होता, त्याचा ओलसर वास आहे." ती थांबली. तो तिच्या मिटल्या पापण्यांकडे बघत होता. "आणि मधेच," ती म्हणाली, "एक बटण आहे."

त्याने चघळणं थांबवलं. तिच्या तोंडावर काही नव्हतं, हसू नव्हतं, रागही दिसत नव्हता. खरं की खोटं हे कळायला तिच्या शब्दापलीकडे काही म्हणता काही नव्हतं. खालून कुठूनतरी साखळी ओढल्याचा आवाज येऊ लागला, कोणीतरी उभं राहून म्हणालं, नांगर उचलताहेत वाटतं. चाखणिसाने डोळे मिटले आणि तो केळ्यात, दाताने, टाळूने, सावकाश, बटण शोधू लागला.